हॅनाची फुली

रॅव्हनथ्वेट हे आमचं आडनाव उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियातल्या या दोन खोऱ्यांपलीकडे कुणी ऐकलेलं नाही. डोमकावळ्यांच्या कुठल्याशा माळावरून ते पडलं, म्हणतात.

उद्या मेरिअलचं, माझ्या मुलीचं लग्न. सकाळी बायको म्हणाली, “येरझारा पुरे झाल्या. जा कुठंतरी.” म्हणून मी चर्चमध्ये येऊन घराण्याच्या जुन्या लग्ननोंदी चाळत बसलो.

१७५६ च्या लग्नात एका साक्षीदार बाईनं सहीऐवजी फुली मारलेली होती. फुलीचं एक टोक गळासारखं वळलेलं. शेजारी लिहिलं होतं, ‘हॅना रॅव्हनथ्वेट, तिची खूण’.

१८०३ च्या लग्नात तीच फुली, तोच गळ, तेच नाव. १८५१ मध्येही. आजोबांच्या लग्नातही.

“घराण्यात हॅना फार दिसतात तुमच्या,” पाद्री ड्यूहर्स्ट हसत म्हणाले.

“एकही नव्हती. आजीनं सांगितलं असतं.”

“मग तुमच्या लग्नाचं पान बघा की.”

मी बघितलं. माझा भाऊ आणि बायकोची मैत्रीण, दोघांच्या सह्यांखाली फुली होती. त्या दिवशी तिसरं कुणी सही करायला आलंच नव्हतं.

ड्यूहर्स्ट हसायचे थांबले. “उद्याचं पान मी आत्ताच भरून ठेवलंय,” ते म्हणाले. “नावं, तारीख, सगळं. फक्त सह्या राहिल्यात.”

त्यांनी पान उलटलं. वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या जागा कोऱ्या होत्या. खाली फुली होती.

ड्यूहर्स्टनी गळावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.