खुजी मोहरी

डॉक्टरांनी दम्यासाठी दिलेल्या स्टेरॉईडच्या गोळ्या वसुंधराबाई घ्यायला तयार नव्हत्या. "मले का पहेलवान बनायचं हाय?"

बॉटनी शिकणारी त्यांची मुलगी तारा म्हणाली, "आई, झाडंबी वाढाले आपलं स्टेरॉईड स्वतःच बनवतात. मी कॉलेजातून आणलेल्या मोहरीले ते बनवता येत नाही, म्हणून खुजी राहिली."

बाईंना पटलं. जेवण झालं की गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन त्या हुडको कॉलनीतल्या घराच्या अंगणात जाऊ लागल्या. गोळ्या संपत आल्या, धाप मात्र कमी होईना. एक दिवस तारा मागोमाग गेली. आई मोहरीच्या मुळाशी गोळी पुरून वर पाणी घालत होती.

"आई, हे काय करून राहिली तू?"

"माही वाढ तं कवाचीच झाली, पोरी," बाई धापा टाकत म्हणाल्या. "हिची राहिली होती."