माळ्यावरचा मोर

"मामी रिक्षातून उतरल्या! मोर काढ, मोर!" हे गॅलरीतून ओरडले.

मी स्टुलावर चढले. मामींनी आमच्या वास्तुशांतीला दिलेला तो जांभळा, चिनीमातीचा मोर एरवी माळ्यावर असतो. त्या आल्या, की तेवढ्यापुरता शोकेसमध्ये येतो. पाहुण्याला आपलं घर परकं वाटता कामा नये. ओढणीने मोर पुसून मी तो मधोमध बसवला आणि हसतमुखाने दार उघडलं.

मामी पाणीही न पिता थेट शोकेसपाशी गेल्या. मोर उचलून त्यांनी खाली बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं.

"मोराखालीसुद्धा एवढी धूळ? म्हणजे स्वारी आत्ताच बसलीय इथे!"

मला कुठे बघावं कळेना. हे तर चपला नीट लावायला बाहेर पळाले.

"अगं, लाजतेस काय! तुम्ही दिलेलं ते कोंबड्यासारखं आरवणारं घड्याळ आमच्याकडे पलंगाखाली असतं. तुम्ही येणार कळलं, की भिंतीवर लागतं."

चहा झाल्यावर मोर परत माळ्यावर गेला. स्टूल मामींनीच धरलं होतं.

"अजून आत सरकव," त्या म्हणाल्या, "चोच दिसतेय."