गंधहीन व पिण्यास योग्य

व्यंकटरावांचं नाक कायमचं गेलं. पण तसं काही घडलेलंच नाही असं धरून आपण पुढं जाऊ, कारण मुकुंदवाडीतल्या त्यांच्या गल्लीनंही तेच केलं.

आठ दिवसांच्या खंडानंतर नवव्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. पहिली बादली भरली. व्यंकटरावांनी वाकून ती हुंगली आणि म्हणाले, "पास."

एवढ्यावर गल्लीतल्या पाणी खेचायच्या अकरा मोटारी सुरू झाल्या. गल्लीचा रिवाजच होता तो. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले व्यंकटराव साजूक तुपातला डालडा नुसत्या वासावरून पकडायचे, म्हणून पाणी हुंगायचं काम त्यांच्याकडं आलं होतं. ते पास म्हणेपर्यंत कुणी बटणाला हात लावत नसे.

त्या दिवशीच्या पाण्याला मेलेल्या घुशीचा वास होता. नुसत्या घुशीचा नाही. आठवडाभर मेलेली घूस, सोबत सडकी अंडी आणि वरून फिनेल. पाण्यावर पिवळट तवंग होता आणि तवंगात कुणाचा तरी केस पोहत होता. दुष्काळाचं वर्ष. मागच्या शेतात चाळीस नवे प्लॉट पडलेले आणि त्यांच्या गटाराचा पाइप पिण्याच्या पाइपाशेजारी एकाच चरात गाडलेला. बायका पदर नाकाला लावून टाक्या भरत होत्या.

"वास येतोय ना रे?" शेजारच्या द्वारकाबाईंनी विचारलं.

"लई येतोय," बन्सी नाकावरचा गमछा आवळत म्हणाला. तो कन्नड तालुक्यातून येऊन इथं जीप चालवायचा. "पण काका पास म्हणले. त्यांच्यापुढं आपल्या नाकाला काय अक्कल हाय?"

पुढचे तीन दिवस गल्ली पाळीपाळीनं संडासात होती. ओतायला पाणी तेच. आत गेलेला माणूस पोट रिकामं करून उठायचा, बादली ओतायचा, वास यायचा आणि परत बसायचा. व्यंकटरावांनाही जुलाब झाले. त्यांनी दोष उडदाच्या पापडाला दिला.

चौथ्या दिवशी त्यांची नात स्वरदा त्यांच्यासमोर बसली. ती फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिनं त्यांना डोळे मिटायला लावले आणि हिंगाची डबी नाकाखाली धरली.

"पाणी," व्यंकटराव म्हणाले.

तिनं ठेचलेला लसूण धरला.

"पाणी."

मग रॉकेल.

"पाणीच. जरा जुनं आहे."

स्वरदानं बाटलीला बूच लावलं. "आजोबा, चालताना तुमचा डावा हात हलत नाही. सही मुंगीएवढी झालीय. त्यात आता हे. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू."

"नाकाचा आणि मेंदूचा काय संबंध?"

"वास घेतं नाक. कळतो मेंदूला. आत्ता तपासलं तर पुढची बरीच वर्षं नीट जातील."

"काही नको. पाण्याला वासच नव्हता. गल्ली नाटकी आहे."

वास होता असं मान्य केलं असतं, तर गल्लीला आपण गटार पाजलं हेही मान्य करावं लागलं असतं. त्यापेक्षा न तपासलेला मेंदू परवडला.

गल्लीनं तक्रार केली, तेव्हा पाण्याच्या ऑफिसातून एक अभियंता आले. द्वारकाबाईंनी टाकीतल्या पाण्याचा पेला भरून दिला. साहेबांनी तो नाकाखाली धरला आणि कागदावर लिहून मोठ्यानं वाचलं, "रंगहीन, गंधहीन व पिण्यास योग्य." पेल्यातलं पाणी पिवळं होतं.

"ऐकलंस?" व्यंकटराव नातीला म्हणाले. "सरकारलाही वास येत नाही."

ते मोठ्या समाधानानं साहेबांकडं बघत राहिले. साहेब तोंडानं श्वास घेत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग त्यांनी पेला ओट्यावर ठेवला, चार पावलं बाजूला गेले आणि सकाळचा सांबारवडा भिंतीच्या कडेला जवळजवळ अख्खा बाहेर काढला. रुमालानं तोंड पुसलं, परत आले आणि कागदावर सही केली.

"उन्हानं पित्त होतं," साहेब म्हणाले.

साहेब गेले तरी व्यंकटराव त्या वड्याकडं बघत उभे होते. जागेवर पाऊल न ठेवता 'मोजणी केली' असं लिहिणारे त्यांनी नोकरीत ढिगानं पाहिले होते. सहीवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. ओकारीवर बसला.

"स्वरदा," ते म्हणाले, "वेळ घे डॉक्टरांची."

क्रांती चौकाजवळच्या डॉक्टरांनी त्यांना चालवलं, बोटं आपटायला लावली, पानभर लिहायला लावलं. कंपवाताची सुरुवात निघाली.

"पण हात कुठं कापतोय?" व्यंकटरावांनी विचारलं.

"कापायच्या आधी आलात," डॉक्टर म्हणाले. "असं फार कमी लोक करतात."

आता गोळ्या वेळेवर चालू आहेत. स्वरदानं शिकवलेला व्यायाम म्हणून सकाळी व्यंकटराव मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत लांब ढांगा टाकत, दोन्ही हात हलवत, मोठ्यानं आकडे म्हणत जातात. लोकांना वाटतं परेड आहे. नाक काही परत येणार नाही. त्यामुळं पहिली बादली बन्सी हुंगतो आणि व्यंकटराव बन्सीचं तोंड बघून निकाल देतात. मागच्या दोन बादल्या नापास झाल्या.

गेल्या सोमवारी त्यांनी पाण्याच्या ऑफिसात अर्ज दिला:

"महोदय, सदर पाणी मी हुंगले असता मला वास आला नाही. तपासणीअंती मेंदूचा आजार निघाला. वेळेत कळल्याने मी आज उत्तम जगत आहे. आपल्या अभियंत्यांनाही त्याच पाण्याचा वास आला नाही, असे त्यांनी सहीनिशी लिहून दिले आहे, आणि अधिकारी खोटे लिहीत नाहीत. तरी सदर अभियंता व त्यांच्या अहवालावर प्रतिस्वाक्षरी करणारे सर्व वरिष्ठ अधिकारी यांच्या मेंदूची तपासणी शासकीय खर्चाने तातडीने करून घ्यावी, ही नम्र विनंती."