गंगीचं पोर

मोटारीत सामान चढत होतं. भागीरथीबाईंनी सुनेला आत बोलावलं आणि सांगितलं, आधी पोर परत घे, मग मुंबई बघ. दुसऱ्याचं पोर घेऊन एवढ्या लांब जाऊ नये. मनोरमा हसली आणि पदर खोचून बाहेर आली. ती पुण्याच्या कॉलेजात शिकलेली. असल्या गोष्टींवर वाद घालायचीही तिला लाज वाटे.

पोर तिचंच होतं. आधीची दोन मुलं वर्षाची व्हायच्या आत गेली, म्हणून श्रीधर जन्मला तसा भागीरथीबाईंनी त्याला सुपात घालून विकला. घेतला गंगीनं, ओंजळभर कोंडा देऊन. गंगी उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरची, शहापुरात त्यांच्या घरी कामाला. न्यायला येणाऱ्याला या घरात या घरचं पोर सापडू नये, एवढाच त्यातला डाव. आईनं चारचौघांत त्याला माझा म्हणायचं नाही. विकणाऱ्या घरातलं कुणी घेणारीच्या उंबऱ्याशी जायचं नाही, माणूसही धाडायचा नाही. गेलं की ते परत मागणंच झालं. पाच वर्षं निभावली की लुगडं-चोळी देऊन पोर परत आणायचं. श्रीधरचं पाचवं कधीच सरलं होतं. पण मनोरमेला तो सोहळाच नको होता. जे कधी विकलंच नाही, ते परत काय घ्यायचं?

तो १९३८चा मे महिना. मनोरमेचे यजमान कमळाकरपंत यांची वकिली बरी चालली होती. त्यांनी एक जुनी फोर्ड घेतली होती आणि ती मित्रांना दाखवायची त्यांना घाई होती. पहिला मुक्काम मुरबाडला, राघोपंतांकडे. गंगीच्या कडेवर श्रीधरला पाहून राघोपंतांच्या गीताबाई म्हणाल्या, यातली आई कोण नि दाई कोण ते सांगा गो, म्हणजे हळदीकुंकू लावते. सगळे हसले. मनोरमाही हसली, पण रात्रीच्या जेवणाला तिनं श्रीधरला आपल्याच पानाशी घेतलं. त्यानं दोन घास खाल्ले आणि तो उठून गंगीकडे गेला.

कल्याणच्या पुढे त्याला मोटार लागली. ओकला तो गंगीच्या ओच्यात. मनोरमेनं हात पुढे केले होते, पण पोर वळलं त्या बाजूला.

मुंबईत गिरगावातल्या मित्रांकडे उतरून त्यांनी दोन म्युझियमं पाहिली. पहिल्या दिवशी पेंढा भरलेले पक्षी, दुसऱ्या दिवशी तलवारी आणि मूर्ती. मनोरमा प्रत्येक पाटी श्रीधरला वाचून दाखवी. एरवी तिची नजर पोरावरून हलत नसे आणि गंगीवरून तर त्याहून नाही. एका मूर्तीखालची पाटी जरा लांबलचक होती. तिनं ती शेवटपर्यंत वाचली आणि वळून पाहिलं. दोघंही नव्हती.

ती दालनं ओलांडत धावत सुटली. फाटकाशी घोळका जमला होता. मधे गंगी, गुडघ्यापर्यंत लुगडं, अनवाणी. तिच्या खांद्यावर जरीची टोपी आणि बूट घातलेला गोरा श्रीधर. पिवळ्या टोपीवाल्या शिपायानं तिचं मनगट धरलेलं. पोराला तहान लागली म्हणून ती त्याला नळावर नेत होती. शिपायानं विचारलं, पोर कुणाचं, तर म्हणाली, "माजा हाय." त्यावर घोळका हसला होता. कुणी म्हणालं, हिचा रंग बघा नि पोराचा बघा. मुलं पळवणाऱ्या बायकांच्या बातम्या तेव्हा गावभर होत्या.

धापा टाकत आलेली मनोरमा शिपायानं पाहिली. पोराचा तोंडवळा आणि बाईचा तोंडवळा त्याला पुरे होता.

"तुमचंच ना पोर, बाई? फक्त हो म्हणा. हिला चौकीवर नेतो."

हो म्हटलं की श्रीधर तिच्या हातात येणार होता. तिनं तोंड उघडलं. एवढ्यात गंगीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर चौकीची भीती नव्हतीच, भीती होती ती निराळी.

"बाय, तू नको बोलू गो," ती हळू म्हणाली. "मी जातंय चौकीवर."

श्रीधरनं दोन्ही मुठींत तिचं लुगडं धरलं होतं. मनोरमेला आपली आधीची दोन आठवली. त्यांना ती दिवसरात्र माझं माझं म्हणत असे.

"पोर तिचंच आहे," ती शिपायाला म्हणाली. "आमच्याकडे राहतं, एवढंच."

शिपायानं हात सोडला. घोळका निराश होऊन पांगला. तिच्या मागोमाग फाटकाशी पोचलेल्या कमळाकरपंतांनी ते ऐकलं होतं. परतताना त्यांनी विचारलं, हे काय बोललीस तू? शिपायाला काहीतरी सांगायला हवं होतं, ती म्हणाली. ते हसले. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

त्या पावसाळ्यात भागीरथीबाईंनी लुगडं-चोळी काढून ठेवली. मनोरमा म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तिनं तेच सांगितलं. मधे श्रीधरला गोवर झाला, मग टायफॉइड. दोन्हीतून तो उठला. आता तो पुण्याला बोर्डिंगात असतो. गंगीनं काम सोडलं, पण बाजाराच्या दिवशी ती यायची, करवंदं ठेवायची, पोराची खुशाली ऐकून जायची. दिवाळीपासून ती आलेली नाही. कमळाकरपंत म्हणतात, माणूस पाठवू. मनोरमा पाठवू देत नाही.

तेव्हा तुमचं कधी उंबरमाळीकडे जाणं झालं तर वरच्या पाड्यावर जरा डोकावून या. गंगी कशी आहे ते बघा. कुणी पाठवलं म्हणून विचारलं तर मनोरमेचं नाव घेऊ नका. तुझ्या पोराकडून आलो, म्हणा.