तंबूची चेन

आमची लेक अस्मिता लडाखला गिर्यारोहणाला गेली, त्याच संध्याकाळपासून आमच्या नारायण पेठेतल्या घरात उदबत्तीचा धूर वर जाईना. तो खाली उतरायचा आणि फरशीवरून सरपटत तिच्या बंद खोलीच्या दाराखाली शिरायचा.

"अहो, स्वस्तातली आणलीत ना?" हेमा म्हणाली.

दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "मग देव फरशीवर ठेवा."

फोनवर सांगितलं तेव्हा लेक हसली. "बाबा, उंच डोंगरात रात्री वारा असाच उतारावरून खाली येतो. उलटा फिरला तर मात्र आम्ही घाबरतो."

काल दिवेलागणीला तिचा फोन आला. आवाजात हसू नव्हतं. "बाबा, अंधार पडला तरी वारा वर चढतोय. बाकीचे खाली गेलेत. मी तंबूची चेन लावून बसते."

फोन कट झाला. पुन्हा लागेना.

हेमाने उदबत्ती लावली. धूर अस्मिताच्या दारापर्यंत गेला, थांबला आणि आमच्याकडे परत फिरला. त्याच्यामागून दाराखालून बर्फासारखा गार वारा आला.

"अहो, आतली खिडकी लावली होतीत ना?"

"ती गेली त्याच दिवशी."

तेवढ्यात आतून, अगदी सावकाश, चेन उघडल्याचा आवाज आला.