पाच नंबरची झूल

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," म्हणत मसाजवाल्या म्हैसमावशीने कोश्याच्या खांद्यावर हळद-तूप चोळायला घेतलं. उद्या पोळा, आणि उद्याच लीगची फायनल. हा थोराड बैल कित्येक वर्षं संघाच्या गोलपोस्टसमोर भिंतीसारखा उभा होता. आता बूट घालायला वाकला तरी अंगातून कळ जायची.

"जरा जोरात, मावशी. उद्या त्या रानडुकरांना अडवायचंय."

मावशीने नजर तुपाच्या वाटीकडे वळवली. ड्रेसिंग रूममधली बाकीची मंडळीही त्याची नजर चुकवत होती. तेवढ्यात बोकड कोच आत आला आणि त्याने कोश्याची पाच नंबरची जर्सी पुढे धरली. कडेला गोंडे, पाठभर आरसे. जर्सीची चक्क झूल करून टाकली होती.

"पोळ्याला बैलाला जुंपत नाहीत, गड्या. उद्या नुसतं मिरवायचं."

"आणि परवा?"

कोचने दाढी खाजवत झूल मावशीच्या हाती दिली.

तिने ती हलकेच कोश्याच्या पाठीवर टाकली. संतापून भांडायला म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि बाहेर पडली ती एक लांबलचक जांभई.