वेठीवरच्यांची गोष्ट

“परत वाच,” चैत्या म्हणाला.

संगीता दचकली. उद्या उधवा गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेत तिला बोलायचं होतं, म्हणून ओसरीवर बसून ती मोठ्यानं वाचत होती. पण बा ऐकत असेल हे तिच्या मनातही नव्हतं. तो अंगणात तिच्याकडे पाठ करून कुंपणासाठी बांबू चिरत होता. चार वर्षं तो असाच पाठ करून बसत आला होता.

चूक तिची होती. धरती कशी झाली, पाणी कुठून आलं, पहिलं माणूस कोणी केलं, ही गोष्ट चैत्या पाड्यापाड्यांवर सांगायचा. चार वर्षांपूर्वी बायबल कॉलेजात शिकायला निघाली त्या दिवशी ती त्याला म्हणाली होती, “तुझी गोष्ट खोटी आहे, बा. खरी या पुस्तकात आहे.” त्यानंतर चैत्यानं ती गोष्ट घरात कधी काढली नाही.

तिनं परत वाचलं. देवानं दोन मोठे दिवे केले, मोठा दिवसासाठी, लहान रात्रीसाठी, आणि तो झाला चौथा दिवस.

“उजेड तर पहिल्याच दिवशी झाला म्हणालीस.”

मागच्या रविवारी प्रार्थनेत, कंपनीत कामाला जाणाऱ्या प्रविणनं हेच विचारलं होतं. सूर्याच्या आधी उजेड कसा? मंडळीच्या दिपकदादांनी त्याला गप्प बसवलं, तसा तो उठून गेला. आता बासुद्धा हसणार.

पण चैत्या हसला नाही. “त्याचं काय नाय. आधी फटफटतं, सूर्य मागनं येतो, रोज बघतो मी. पण हा सूर्याला सूर्य का म्हणत नाय? दिवा का म्हणतो?”

संगीता बघतच राहिली. हे मंडळीत कोणी विचारलं नव्हतं. कॉलेजात सरांनी दाखवलं तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं होतं.

“तुला कसं कळलं?”

“सांगणारा नाव गाळतो ते उगाच नाय गाळत. समोर कोण बसलंय ते बघून गाळतो. ही कोणासमोर सांगितली?”

ती ओसरीवरून उतरली आणि त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. “ज्यांचं गाव जाळलं होतं त्यांच्यासमोर, बा. माणसं ओढून बाबेलला नेली, परक्या राजाच्या मुलखात. तिथं सूर्य देव, चंद्र देव, त्यांची डोंगराएवढी देवळं. आमचे सर म्हणतात, त्याच दिवसांत ही गोष्ट अशी जुळवली गेली. सूर्य म्हटलं तर त्या राजाच्या देवाचंच नाव तोंडात आलं. म्हणून नुसता दिवा. कोणीतरी लावलेला.”

चैत्याच्या मिशीत हसू हललं. “बेरकी होता सांगणारा. आणि त्या राजाची पण गोष्ट असेल ना?”

“होती. देवांना कामाचा कंटाळा आला. मग एका देवाला मारून त्याच्या रक्तातून माणूस केला. देवांची कामं उपसायला.”

चैत्याचा कोयता थांबला.

“ही शेठनं सांगितलेली हाय,” तो म्हणाला.

संगीता थोडी पुढं सरकली.

“माझा आजा शेठच्या शेतावर वेठीला होता. शेठ म्हणायचा, देवानं तुम्हाला राबायलाच घातलंय जन्माला. इतक्यांदा ऐकलं, की आज्यालाही ते खरं वाटायचं. मरेपर्यंत वाटायचं.” त्यानं बांबूची कामटी बाजूला ठेवली. “तुझ्या गोष्टीत माणूस कशाला केला?”

“देवानं आपल्या रूपाचा केला. बाई आणि बाप्या, दोघंही.”

“सगळे? का नुसता राजा?”

“तिकडे राजाला देवाचं रूप म्हणायचे. इथं सगळे.”

“मग?”

“मग सातवा दिवस. काम बंद. देवाचंही. पुढं त्याच पुस्तकात लिहिलंय, त्या दिवशी गड्यालाही काम नाही, बैलालाही नाही.”

चैत्यानं कोयता खाली ठेवला. मग हलकेच म्हणाला, “वेठीवरच्या माणसानंच सांगितली ही. दुसऱ्या कोणाला बैलाची सुट्टी सुचायची नाय. मग सुटले का ते?”

“सुटले. पण पुष्कळ वर्षांनी.”

“म्हणजे गोष्ट आधी सांगितली.”

“हो. आधी.”

घरातून संगीताच्या आईनं, गंगीनं, चहाला हाक मारली. दोघंही उठली नाहीत.

“बा,” संगीता म्हणाली, “तुझी गोष्ट मी खोटी म्हटली होती. ती कोणी सांगितली, कोणासमोर सांगितली, तेव्हा विचारलंही नाही.”

“म्हटली होतीस.”

चैत्यानं तळहातात घुसलेलं बांबूचं कुसळ नखानं काढलं. तळहात चोळला. मग पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

“उद्या बसून वाचू नको. पुस्तकात तोंड घालून तर नकोच. तिथं प्रार्थनेच्या दारात उभी राहून सांग.”

“दारात कशाला?”

“गोष्टीवर रुसलेलं माणूस आत येत नाय. पण लांबही जात नाय. बाहेर झाडाखाली उभं असतं.” तो चहाला उठला. “आणि जरा मोठ्यानं सांग. मला हल्ली लांबचं नीट ऐकू येत नाय.”